माहेर डावीकडे, सासर उजवीकडे

आमच्या तळघरात राहणारी कादंबरी दर शुक्रवारी संध्याकाळी वर जेवायला येते. मुलगी नागपूरची, इथे व्हर्जिनियात हर्नडनच्या एका कंपनीत नोकरीला. मोठमोठ्या ग्रंथालयांच्या याद्या कॉम्प्युटरवर चढवायच्या, हे तिचं काम. तिला पोळ्या येत नाहीत आणि मीही तिला शिकवत नाही, कारण शिकली की ती वर यायची बंद होईल. २००६ सालच्या जूनमधल्या अशाच एका शुक्रवारी ती लॅपटॉप काखोटीला मारून आली आणि ताटाशेजारी उघडून बसली. जेवताना असली यंत्रं मला खपत नाहीत. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तीच म्हणाली, "काकू, एक मजा बघा ना. न्यूयॉर्कच्या क्लायंटने स्कॅन पाठवलेत. जुन्या रेकॉर्ड्स आहेत, पण लेबलं मराठीत. ब्राँक्समध्ये मराठी, इमॅजिन करा."

पडद्यावर एक काळी तबकडी होती. मध्यभागी खाकी कागदाचा गोल तुकडा चिकटवलेला, आणि त्यावर निळ्या शाईत एकच शब्द लिहिलेला: पोळपाट.

माझ्या हातातली पळी आमटीत बुडाली. ते अक्षर माझं होतं. त्या 'ळ'वरून सांगलीच्या शाळेत मी पट्ट्या खाल्ल्या होत्या, तरी तो सुधारला नाही तो नाहीच. एकतीस वर्षांनी तो तसाच वाकडा माझ्याकडे बघत होता.

"क्यूट आहे ना?" कादंबरी म्हणाली. "अशा एटी थ्री आहेत. मी सगळ्यांची नावं ट्रान्सलेट करून पाठवली पण. सुई, भात, कुलूप, नणंद. मला तर वाटलं कुणाच्या तरी रुखवताची लिस्ट आहे."

"त्र्याऐंशी?" मी विचारलं. "चौऱ्याऐंशी पाहिजेत."

बोलून गेले आणि जीभ चावली. चौऱ्याऐंशीवी तबकडी कुठे आहे हे जगात फक्त मला ठाऊक होतं. ती आमच्याच घरात, वरच्या कपाटात, माझ्या लग्नातल्या शालूच्या घडीत होती. तिथे ती मीच ठेवली होती, आणि कुणाला विचारून नव्हे.

समोर डॉक्टर जेवत होते. डॉक्टर म्हणजे आमचे हे, मोरेश्वर. तीस वर्षं लोकांना भूल देऊन निवृत्त झाले. घरात एरवी तेच भुलीत असल्यासारखे वावरतात. त्या दिवशी मात्र नेमके शुद्धीवर आले आणि म्हणाले, "चौऱ्याऐंशी कशावरून?"

मी त्यांना भात वाढला. कादंबरीचं आपलं चालूच होतं. "जाऊ द्या काका, ते कलेक्शन रिजेक्टच होतंय. एका बाईने डोनेट केलंय, क्लॉडेट म्हणून. ती म्हणते सेव्हंटी फाइव्हमध्ये ब्राँक्सच्या पार्कात ती डीजे होती. लायब्ररी त्या वेळच्या डीजेंची लिस्ट करतेय, भिंतीवर नावं लावणार आहेत. पण तिचा एक कझिन आहे, डेस्मंड, फेमस आहे तो. तो म्हणतो, रेकॉर्ड्स माझ्या, डीजे मी, ही नुसती घरात बॉक्सेस ठेवायची. आणि मेन पॉइंट काय, की त्या काळचा खरा डीजे असेल तर त्याच्याकडे प्रत्येक रेकॉर्डच्या दोन कॉपीज पाहिजेत. पेअर्स. इथे एटी थ्री रेकॉर्ड्स आणि एटी थ्री वेगळी नावं. एक पेअर नाही. मी स्वतः चेक केलं. म्हणून कमिटी म्हणते, हे साधं घरगुती कलेक्शन आहे."

"वाजवून का बघत नाहीत?" डॉक्टरांनी विचारलं.

"अलाउड नाही काका. साफसफाईची ट्रीटमेंट होईपर्यंत सुई टेकवायची नाही. आणि प्लास्टिकवर कोरलेला नंबर असतो ना, त्यावरून कळलं असतं, तर तोही कुणीतरी खरवडून टाकलाय. सगळ्यांवरचा. इतकं वेडं कोण असतं यार?"

"मी," मी म्हणाले.

मी कादंबरीला विचारलं, "पोळपाट कुणाबरोबर असतो गं?"

"लाटण्याबरोबर."

"सुई?"

"दोऱ्याबरोबर." तिचा घास तोंडाशीच थांबला. "कुलूप-किल्ली. वरण-भात. अरे यार. काकू, नणंद आणि भावजय, दोन्हीला मी आधी सिस्टर-इन-लॉ लिहिलं होतं. मग म्हटलं क्लायंटचं कन्फ्यूजन नको, म्हणून एक्सप्लेन करून वेगवेगळं लिहिलं."

म्हणजे इंग्रजीच्या गरिबीने जी एक जोडी वाचली असती, तीसुद्धा आमच्या पोरीच्या हुशारीने घालवली. मी तिला पोळी वाढली, कारण रागावले की मी वाढते. मग डॉक्टरांकडे न बघता सांगायला सुरुवात केली.

चौऱ्याहत्तर साली आम्ही न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये राहायला आलो. डॉक्टर रुग्णालयात छत्तीस-छत्तीस तास, आणि मी पाचव्या मजल्यावर एकटी. खिडकीतून जळणाऱ्या इमारती मोजायच्या हा माझा विरंगुळा. घरमालकांना भाडेकरूंपेक्षा विम्यात जास्त रस आहे, असं जिन्यात सगळे बोलत. शाळांमधले गाण्याचे तास बंद पडलेले, तरुण पोरापोरींच्या हाती ना वाद्य ना काम, आणि शहरातल्या नाचघरांत शिरायला लागतात तसे कपडे कुणाकडे नव्हते. मग त्यांनी काय केलं, तर घरातल्या जुन्या तबकड्या आणि आईबापांचे रेकॉर्डप्लेअर उचलून बागेत नेले, रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबाचं झाकण उचकटून तारा जोडल्या आणि नाच सुरू केला. कुणी माइक धरून शेजाऱ्यापाजाऱ्यांची नावं घेऊन यमकं जुळवायचं, कुणी पुठ्ठ्यावर गिरक्या घ्यायचं. याला पुढे हिप हॉप म्हणायला लागले. तेव्हा त्याला नावच नव्हतं. आम्ही नुसतं 'पार्कात जाऊ' म्हणायचो.

क्लॉडेट सहाव्या मजल्यावर राहायची, बरोबर माझ्या डोक्यावर. अठरा वर्षांची, काटकुळी, आईबाप जमैकाहून आलेले. त्यांच्याकडे म्हणे अवाढव्य स्पीकर गाडीवर लादून गल्लोगल्ली गाणी वाजवायची पद्धतच होती, आणि तिच्या वडिलांनी इथे आल्यावर कपाटाएवढे दोन स्पीकर स्वतः ठोकून तयार केले होते. ते वाजायला लागले की माझ्या मांडणीवरची भांडी चालत पुढे यायची. एकदा डाळीचा डबाच खाली आला, तेव्हा पदर खोचून मी भांडायला वर गेले. खाली आले ती तीन तासांनी.

तिने मला दाखवलं ते असं. कुठल्याही गाण्यात एक जागा येते, जिथे गाणारा गप्प बसतो, बाकीचे बाजूला होतात आणि नुसता ठेका उरतो. आठ-दहा सेकंद. नाचणारे त्या आठ सेकंदांची वाट बघत भिंतीला टेकून उभे असतात. मग बाकीचं गाणं वाजवायचंच कशाला? शिऱ्यातले काजू वेचून खावेत, तसा तेवढाच तुकडा वाजवायचा. पण एका तबकडीवर तो लगेच संपतो. म्हणून त्याच गाण्याच्या दोन तबकड्या, दोन प्लेअर. डावीकडचा तुकडा संपला की उजवीकडचा, आणि तो वाजतोय तोवर डावी तबकडी बोटाने उलटी फिरवून परत सुरुवातीला आणायची. असं इकडून तिकडे, तिकडून इकडे. आठ सेकंदांची दहा मिनिटं व्हायची, आणि बागेतली माणसं खुळावायची. मीही खुळावले. अंगात आल्यासारखी नाचले, नऊवारी असती तर कासोटा सुटला असता, आणि त्याची मला आजही लाज वाटत नाही.

फक्त एक पंचाईत होती. दुसरे डीजे गर्दीतून मान पुढे करून तबकडीचं नाव वाचायचे आणि पुढच्या शनिवारी तेच गाणं वाजवायचे. म्हणून सगळे आपापल्या तबकड्यांची लेबलं भिजवून काढून टाकत. क्लॉडेटची आई तिला न्हाणीघरात हे करू देईना, तेव्हा ती माझ्याकडे आली. एखादं काम हाती घेतलं की मी ते अर्धवट सोडत नाही. मी चौऱ्याऐंशी तबकड्या कोमट पाण्यात भिजवल्या, सांगलीहून आणलेल्या काथ्याने हळूहळू लेबलं काढली, आणि ती कोरलेली नंबराची ओळही चोराला दिसेल म्हणून सुईने खरवडली. क्लॉडेटने ते सांगितलेलं नव्हतं. मग तिलाच आपल्या तबकड्या ओळखू येईनात, म्हणून वाण्याच्या खाकी पिशवीचे गोल कापून, मैद्याची खळ करून, मी नवी लेबलं चिकटवली आणि त्यावर मराठीत नावं घातली. अख्ख्या ब्राँक्समध्ये ती कुणाच्या बापाला वाचता येणार नव्हती. डावीकडच्या प्लेअरवरची आणि उजवीकडची घोळू नये म्हणून जोडीतल्या दोघींना दोन नावं. पोळपाट डावीकडे, लाटणं उजवीकडे. आणि तिची सगळ्यात लाडकी जोडी, ज्यावर बाग सगळ्यात जास्त उसळायची, तिचं नाव मी माहेर-सासर ठेवलं, कारण तिच्यात सारखी ये-जा असायची.

आता हे वाचता येणारी मी एकटीच, कुठली कुणाची जोडी हे क्लॉडेटलाही लेबलावरून कळेना. म्हणजे शनिवारी पार्कात तिच्या शेजारी उभं राहून हातात तबकड्या देणं माझ्याकडेच आलं. ती मागे न बघता डावा हात पुढे करायची, मी "माहेर" म्हणून ठेवायचे. उजवा केला की "सासर". नियम एकच होता, माझा. खरकट्या हाताने तबकडीला शिवायचं नाही. डेस्मंड म्हणजे तिचा चुलतभाऊ, स्पीकर उचलायचा आणि माइक धरायचा. त्याच्या हातात सदा तळलेली कोंबडी, आणि तोच हात खोक्यात. मी त्याच्या मनगटावर लाकडी डाव हाणायचे आणि म्हणायचे, "खरकटे हात." त्याला अर्थ कुणी सांगितला नाही. सांगावा लागलाही नाही.

इथवर सांगून मी थांबले. कादंबरी हात वाळवत बसली होती. डॉक्टर म्हणाले, "पण शनिवारी तर तू इंग्रजी संभाषणाच्या वर्गाला जायचीस."

"नाही जायचे."

"दोन वर्षं?"

"इंग्रजी आलं ना पण," मी म्हणाले.

त्यांनी वाटीतली आमटी संपवली. भूल देणाऱ्या माणसाला घाई नसते. मग त्यांनी सावकाश विचारलं, "दोन प्लेअर लागायचे म्हणालीस. एक तिच्या वडिलांचा. दुसरा कुणाचा?"

मी पुन्हा भात वाढायला घेतला, पण त्यांनी ताटावर हात आडवा धरला. तो दुसरा त्यांचाच होता. पहिल्या पगारातून घेतलेला, रुमालाने पुसून ठेवलेला. दर शनिवारी तो माझ्याबरोबर बागेत जायचा आणि ते घरी यायच्या आत परत यायचा. उलटं फिरवून फिरवून त्याचा पट्टा सैल पडायचा, आणि डॉक्टरांनी त्या कंपनीला सात तक्रारपत्रं लिहिली होती. तीस वर्षं त्यांनी त्या कंपनीची एक वस्तू घरात येऊ दिली नव्हती.

"मी त्या लोकांना निर्लज्ज म्हटलं होतं," ते म्हणाले. "लेखी." आणि उठून हात धुवायला गेले. इंग्रजीच्या वर्गाबद्दल त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. त्यांच्या मनाला लागला तो पट्टा.

कादंबरीने त्याच रात्री मेल टाकली. उत्तर आलं की कमिटीची शेवटची बैठक पुढच्या शनिवारी आहे आणि ही जी कोणी बाई आहे ती येऊ शकते. मला जायचंही होतं आणि जायला नकोही वाटत होतं. क्लॉडेटचं नाव भिंतीवर लागणार की नाही हे माझ्या तोंडी होतं, पण तोंड उघडायचं तर शालूची घडीही उघडायला हवी होती. सत्त्याहत्तर साली डॉक्टरांना व्हर्जिनियात नोकरी लागली आणि दोन दिवसांत सामान बांधायचं ठरलं. शेवटच्या शनिवारी बागेतून निघताना मी माहेर उचललं आणि पदराखाली धरलं. सासर तिथेच ठेवलं. जोडी फुटली की ती वाजवता येणार नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी नेलं, कारण त्या देशात माझं म्हणावं असं दुसरं काही नव्हतं. पत्ता कळवला नाही, पत्र लिहिलं नाही. चोर कशाला पत्र लिहील?

शनिवारी पहाटे निघालो. कादंबरी ड्राइव्ह करत होती आणि दर टोलनाक्याला "सॉरी काकू, जोड्या मीच तोडल्या" म्हणत होती. मी साडी नेसले होते, मुद्दाम, चिंतामणी रंगाची, आणि मांडीवर शालूचं बोचकं. डिकीत डॉक्टरांनी काहीतरी खोकं ठेवलं होतं, त्याबद्दल विचारलं तर म्हणाले, "असू दे."

ग्रंथालयातली खोली थंडगार होती. मोठ्या टेबलावर क्लॉडेटच्या तबकड्या एकेक पांढऱ्या पाकिटात उभ्या केलेल्या, कडेच्या टेबलावर कॉफी आणि डोनट. कमिटीच्या प्रमुख एक उंच प्रोफेसरबाई होत्या, पांढरे हातमोजे घातलेल्या. त्यांच्या पलीकडे टोपी घातलेला, जाडजूड झालेला डेस्मंड. आणि खिडकीशी क्लॉडेट. एकोणपन्नास वर्षांची, बसच्या ड्रायव्हरचा गणवेश, केस पांढरे, पण उभी राहायची तीच पद्धत, एक खांदा वर. तिने मला पाहिलं आणि हातातली पर्स खाली टाकली. मग आम्ही दोघी जे काही केलं त्याला मिठी म्हणणं कमीच होईल. आम्ही फुगडीच घातली, कमिटीच्या खुर्च्या सरकवून. दोघी इंग्रजीतच बोललो, ते मी इथे मराठीत सांगते.

"तू म्हातारी झालीस," ती म्हणाली.

"तू आधी झालीस," मी म्हणाले.

डेस्मंड उठला नाही. त्याने प्रोफेसरबाईंना सांगितलं, "या बाईंना मी ओळखत नाही. तेव्हा तिथे साडीतलं कुणीही नव्हतं. खोकी माझी होती, लेबलं कोपऱ्यावरच्या दुकानदाराकडून लिहून घेतली होती." शांतपणे सांगितलं, खूप वेळा सांगितलेली गोष्ट सांगावी तसं. मग डोनटचा तुकडा तोंडात टाकून, बोटांवर साखर तशीच, त्याने समोरची तबकडी उचलायला हात पुढे केला.

"खरकटे हात," मी म्हणाले.

मी ठरवून म्हणाले नाही. तोंडातून निघून गेलं, स्वयंपाकघरात निघतं तसं. आणि डेस्मंडचा हात विस्तवाला लागावा तसा मागे गेला. त्याने दोन्ही पंजे पँटला पुसले, मान खाली घातली, आणि मग आपण काय केलं हे त्याला कळलं. प्रोफेसरबाईंनी चष्मा काढून विचारलं, "त्या काय म्हणाल्या?"

"माहीत नाही," डेस्मंड म्हणाला.

"मग तुम्ही हात का पुसलेत?"

कादंबरी तोंडावर ओढणी दाबून कोपऱ्यात हसत होती. पुढचं सोपं होतं. मी सगळ्यांकडे पाठ करून बसले, कादंबरी एकेक लेबल वाचत गेली, मी जोडीदाराचं नाव सांगून टेबलावर बोटांनी ठेका वाजवत गेले, आणि क्लॉडेट मधेच तो उचलून पुरा करत गेली. पोळपाट, लाटणं. उखळ, मुसळ. नणंद, भावजय, तो ठेका तर भांडणाचाच होता. प्रोफेसरबाईंनी शेवटी नियम मोडून दोन जोड्या खरोखर लावून पाहिल्या, एकेकदाच, आणि दुसऱ्या वेळी त्यांचा पाय टेबलाखाली हलत होता. एक्केचाळीस जोड्या लागल्या. टेबलावर एक तबकडी उरली.

"सासर," कादंबरीने वाचलं. "काकू, माहेर मिसिंग आहे."

क्लॉडेटचा चेहरा बदलला. डेस्मंडकडे न बघता ती म्हणाली, "ती गेली. कुणी नेली ते त्याला विचारा. दोन वर्षं मी ती दुसरीकडे शोधली, मिळाली नाही. तिच्यावाचून माझा शनिवार उभा राहीना. मी सोडून दिलं आणि बस चालवायला लागले."

"मी नाही नेली," डेस्मंड म्हणाला. आता त्याचा आवाज गोष्ट सांगण्याचा नव्हता. "तेव्हापासून सांगतोय. सगळ्या इमारतीत तू मला चोर म्हणालीस. माझ्या आईसमोर म्हणालीस. मग मीही म्हटलं, तू कधी डीजे नव्हतीसच."

इतकी वर्षं मला वाटत होतं मी एक तबकडी नेली. मी त्या बहीणभावांचं एकोणतीस वर्षांचं बोलणं नेलं होतं, आणि आत्ता पाच मिनिटांपूर्वी त्याच माणसाचा सगळ्यांदेखत पाणउतारा करून फुशारले होते.

मी बोचकं टेबलावर ठेवून सोडलं. शालूच्या घडीतून खाकी लेबल वर आलं. मैद्याची खळ, जराही सुटली नव्हती.

"चोर मी आहे," मी म्हणाले. "हा नाही. मी नेली, माझ्या लग्नाच्या साडीत लपवली, विचारलं नाही, आणि कळवलं नाही. मला लाज वाटते."

क्लॉडेट ते लेबल बघत राहिली. तिला वाचता येत नव्हतं, पण ते वाकडं अक्षर तिच्या ओळखीचं होतं. "का?" तिने विचारलं.

"इथे माझं काहीच नव्हतं," मी म्हणाले. "ते शनिवार तेवढे दोन वर्षं माझे होते."

डेस्मंड खुर्चीत मागे रेलला आणि हसायला लागला. आधी नुसते खांदे हलत होते, मग टोपी पडली. "एकोणतीस वर्षं मी चोर," तो म्हणाला, "आणि ती यांच्या लग्नाच्या कपड्यात." हसता हसता त्याने डोळे पुसले. मग उठला, कोपऱ्यातल्या नळावर गेला, साबणाने हात धुतले, कोरडे केले, आणि पंगतीला बसणाऱ्या मुलाने दाखवावेत तसे उलटेपालटे करून माझ्यासमोर धरले.

मी निरखून बघितले. नखांतसुद्धा काही नव्हतं. "चालतील," मी म्हणाले.

"ती डीजे होती," त्याने प्रोफेसरबाईंना सांगितलं. "मी स्पीकर उचलायचो. माइकवर मात्र मीच होतो, ते लिहा." त्यांनी दोन्ही लिहून घेतलं. माझंही नाव विचारलं, आणि मी काय करायचे म्हणून लिहू असं विचारलं. मी सांगितलं, इंग्रजी संभाषणाचा वर्ग.

तोवर डॉक्टर कुठे गेले हे माझ्या लक्षात नव्हतं. ते दारातून डिकीतलं खोकं घेऊन आले, टेबलावर ठेवलं, आणि आतून तो प्लेअर काढला, रुमालात गुंडाळलेला. "पट्टा परवा बदलला," ते म्हणाले. "त्याच कंपनीचा मागवला. मी त्यांना आधी माफीचं पत्र लिहिलं." मग क्लॉडेटकडे वळून, फार औपचारिक इंग्रजीत, सर्जनला सांगावं तसं म्हणाले, "तुम्ही सुरू करू शकता."

प्रोफेसरबाईंनी दार लावून घेतलं आणि म्हणाल्या, एकदाच. ग्रंथालयाचा प्लेअर उजवीकडे, आमचा डावीकडे, मधे कादंबरीने कसल्याशा तारा जुळवल्या. डेस्मंडने सासर उचलून उजवीकडे ठेवलं. क्लॉडेट दोन्हींच्या मधे उभी राहिली, माझ्याकडे पाठ करून, एक खांदा वर. तिने बाह्या सारल्या.

मी पदराला हात पुसले.

तिने मागे न बघता डावा हात पुढे केला.

"माहेर," मी म्हणाले, आणि तिच्या हातात ठेवलं.